तीन दाण्यांचं अंतर

कोणी गावाला निघालं की त्याच्या पाठीमागे लगेच घर झाडायचं नाही, ही चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत असते. माझ्या सासूबाईंनी मात्र त्या चालीला स्वतःचे कायदे जोडले होते. त्यांना मी आत्या म्हणे. त्यांचा कायदा असा, की माणूस पोचेपर्यंत झाडूला हात लावायचा नाही. कोणी तळोद्याच्या बाजाराला गेलं तर बैल तिथल्या आंब्याखाली सुटले असतील इतका वेळ थांबायचं. नंदुरबारला गेलं तर मध्ये तापी, म्हणून नाव पैलतीराला लागली असेल इतका वेळ. रेल्वेने कोणी लांब निघालं तर नंदुरबारहून गाडी सुटायची वेळ टळली की त्या सरळ झाडू उचलत. मी एकदा विचारलं, की अजून तर माणूस गाडीत नुसतं बसलंय, पोचलं कुठे?

"रूळ जमीनले धरी ऱ्हातस," त्या म्हणाल्या. "रूळवर बठना म्हंजे पोचना."

यात वाद घालण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्या वेळी मला सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं. आणि मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. हे सगळे कायदे घरच्या पुरुषांसाठी होते. मी माहेरी, रनाळ्याला निघाले की आमची गाडी वेशीपर्यंतही पोचलेली नसायची आणि मागून अंगणातल्या झाडूचा खरखर आवाज यायचा. रनाळं काही जवळ नव्हे. नाव, गाडी, पुन्हा गाडी. पण सुनेसाठी घर कोण अडवून ठेवणार? मी गाडीत मागे तोंड करून बसत असे आणि तो आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ऐकत असे. खोटं कशाला सांगू, तो मला लागायचा.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नास ते साठ या दशकातल्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतली. तळोद्याजवळ आमचं गाव, मागे सातपुडा, पुढे तापी, मध्ये काळी जमीन. घरात आत्या, सासरे म्हणजे मामा, आणि मी. माझे यजमान हवामान खात्यात नोकरीला होते, पार आसामच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी पासीघाट म्हणून गाव आहे तिथल्या छोट्या विमानतळावर. सकाळ-संध्याकाळ ढग बघायचे, वारा मोजायचा, फुगे सोडायचे आणि बिनतारी यंत्रावरून ते सगळं कळवायचं, असं त्यांचं काम. गावाला ते काही केल्या पटत नसे. पारावर मामांना लोक विचारायचे, "काय आबा, औंदा पोऱ्यानं कितला ढग मोजात?" मामा हसत, पण घरी येऊन म्हणत, की सरकारला पैसा जास्त झाला असेल.

लग्न झाल्यापासून अडीच वर्षांत हे दोनदा रजेवर आले. दोन्ही रजा मिळून दीड महिना भरला असेल. मला त्यांच्याजवळ जाऊन राहायचं होतं. एवढीच साधी गोष्ट होती आणि ती मी कोणाजवळ बोलू शकत नव्हते. त्यांचं पत्र यायचं ते मामांच्या नावाने, आणि ओसरीत सगळ्यांसमोर मी मोठ्याने वाचायची. घरात वाचता येणारी मीच, मामा सहीपुरते. त्यामुळे त्या पत्रांत माझ्यासाठी काही लिहिलेलं नसायचं. स्वतःच्या तोंडाने सासूसासऱ्यांना काय वाचून दाखवणार होते मी?

संक्रांतीच्या सुमारास जे पत्र आलं त्यात मात्र होतं. त्यांना राहायला दोन खोल्या मिळाल्या होत्या. त्या भागात जायला लागतो तो सरकारी परवानाही माझ्या नावाने तयार झाला होता. माझ्या मोठ्या भावाने मला रेल्वेने दिब्रुगडपर्यंत आणावं, तिथे जवळच मोहनबाडीचा विमानतळ आहे, तिथून विमान आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सुटून पासीघाटला येतं. दुसऱ्या वाटेने यायचं तर मध्ये ब्रह्मपुत्रा आणि जंगल, बाईमाणसाचं काम नाही. आणि शेवटी एक ओळ, "विमान ताशी दीडशे मैल जातं, पुढचा हिशेब तिला येतो."

ती ओळ वाचताना माझा आवाज चिरकला. अडीच वर्षांत मला आलेली ती पहिली ओळ होती.

मामा हो म्हणाले. आत्या दादर निवडत बसल्या होत्या, त्यांनी सुपातून मान वर केली नाही. रब्बीची ती पांढरी टपोरी ज्वारी म्हणजे आमच्याकडचं सोनं, ती निवडताना त्या कोणाकडे बघत नसत. सगळं सूप झाल्यावर म्हणाल्या, "नही."

"का नही?" मामा म्हणाले.

"जमीन सुटनी म्हंजे माले कशी समजी, पोचनी का नही पोचनी?"

मामा म्हणाले, पोचल्यावर तार करतील. यावर आत्या इतक्या जोरात "तार नको" म्हणाल्या की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. त्यांचंही बरोबर होतं. आमच्या गावात तोवर जेवढ्या तारा आल्या तेवढ्या रडवायला आल्या. तारवाला शिवारात दिसला तरी बाया पदर तोंडाला लावत. आणि पत्र यायला दहा-बारा दिवस. तितके दिवस सून आभाळात आहे की जमिनीवर, हे न कळता राहायचं त्यांना जमणार नव्हतं. मुलगा विमानात बसला तेव्हा त्याने आधी सांगितलंच नव्हतं, म्हणून ते निभावलं.

मला वाटलं, अंतर आणि वेळ दाखवून दिली की प्रश्न मिटला. सातवीच्या वर्षी वर्गात पहिली आले म्हणून मला नकाशांचं पुस्तक मिळालं होतं, ते मी सासरी आणलं होतं, लुगड्यांच्या तळाशी. ते काढलं. मोहनबाडी त्यात नव्हती, पासीघाटही नव्हतं, पण दिब्रुगड होतं आणि नदीचं वळण होतं, आणि ह्यांनी मागे एका रजेत बोटाने जागा दाखवली होती. दोन टिंबं केली, दोरा धरला, फूटपट्टीवर ठेवला. अर्ध्या इंचालाही किंचित कमी. एका इंचाला शंभर मैल. म्हणजे पंचेचाळीस मैल. ताशी दीडशेने अठरा मिनिटं, चढायला-उतरायला दोन धरा, वीस. मी पाटीवर मांडून दोघांना दाखवलं आणि जरा ऐटीतच मागे टेकून बसले.

आत्यांनी पाटीकडे पाहिलंच नाही. त्यांनी सुपातले दादरचे दाणे घेतले आणि माझ्या दोन टिंबांमध्ये एकापुढे एक लावले. तीन बसले.

"मोलगी कोठे शे यामा?"

मोलगी म्हणजे वर सातपुड्यातलं गाव, ते कुठलं असणार त्या पुस्तकात? पण तळोद्याची जागा मला साधारण ठाऊक होती, तिथून वायव्येला अंदाजाने मी पेन्सिल टेकवली. आत्यांनी मध्ये एक दाणा ठेवला. बरोबर बसला.

"हाऊ एक दाना," त्या म्हणाल्या. "मोलगीकडनी बाई आपला घर येस. पहाटले निंघस, दिवा लागताना येस. एक दानाले एक दिन. मंग तीन दानाले तीन दिन."

मी तोंड उघडून बघत राहिले.

"तीन दिन आकाशमा! खाशी काय? निजशी कोठे? आनि..." पुढचं त्यांनी मामांसमोर बोलायचं टाळलं, पण हातवारे पुरेसे होते. मामा खो खो हसायला लागले.

मी चिडले. माझा राग नाकावरच असतो, माहेरीही त्यासाठी बोलणी खाल्ली आहेत. "अहो आत्या, विमान काय घाट चढतं?" मी जवळजवळ ओरडलेच. "ती बाई घाट चढते, उतरते, नाले ओलांडते. विमान सरळ जातं!"

"तुले काय मालूम? तू बठनी का कधी?"

त्यांनी चारही दाणे उचलून सुपात टाकले, आणि पुस्तक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

पुढचे काही दिवस मी घरात बोलले नाही. भाकऱ्या अशा थापायची की परातीचा आवाज गल्लीत जावा. रात्री गोधडीत तोंड खुपसून रडले, तेही सांगते. वीस मिनिटांच्या अंतरावर माझा संसार होता आणि तो एका दाण्याने अडवला होता. तक्रार करावी तर आत्या वाईट नव्हत्या. मला उपाशी ठेवत नव्हत्या, मारत नव्हत्या, उलट माझ्या ताटात तूप जरा जास्तच वाढत. नुसत्या हटून बसल्या होत्या.

त्या दिवसांत शेतात दादर दाण्यात आली होती, आणि दादर दाण्यात आली की पोपट येतात. शंभर-दोनशेंचा थवा उतरायचा, कणीस खायचे कमी, तोडून टाकायचे जास्त. आत्या रोज पहाटे माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, जाऊन बसत, हातात गोफण. नेम इतका पक्का की मामासुद्धा त्यांच्या समोरून जाताना आधी हाक देत. दिवसभर पोपटांना शिव्या आणि संध्याकाळी माझ्याशी अबोला, असं चाललं होतं.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ती मोलगीकडची बाई आली. मोलगीच्या अलीकडे डोंगरात तिचा पाडा होता. वयाने आत्यांएवढी, पायात जाड कडी, पाठीवर टोपली. चारोळी, डिंक, कधी मध घेऊन उतरायची, तळोद्याच्या बाजारात विकायची आणि जाता-येता आमच्या ओसरीवर मुक्काम करायची. वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. आत्या तिला मीठ-मिरची बांधून देत, ती आत्यांना चारोळी देई. घरी ती तिची डोंगरातली बोली बोले, आमच्याशी मोडकीतोडकी अहिराणी. दोघी चुलीजवळ बसल्या की घरात आणखी कोणी आहे हे विसरून जात.

त्या संध्याकाळी आत्यांनी तिच्यापुढे पोपटांचं गाऱ्हाणं काढलं. ती ऐकता ऐकता हसायलाच लागली.

"त्या पोपट तुमना नही," ती म्हणाली. "आमना शेतस. रातले आमना झाडवर निजतस."

तिच्या पाड्याखाली नाल्यात उंबराची दोन-तीन मोठी झाडं होती, तिथे म्हणे सूर्य बुडताना थवेच्या थवे येत. आत्या म्हणाल्या, डोंगरात काय पोपट थोडे आहेत, ते दुसरे असतील. बाई म्हणाली, दुसरे कसे? झाडाखाली सकाळी दादरची कणसं पडलेली असतात, अर्धी खाल्लेली. आमच्या डोंगरात दादर कुठे पिकते? मी रोज गोळा करते, धुऊन दळते. चांगली लागते तुमची दादर.

आत्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतकी वर्षं त्या गोफण मारत होत्या आणि ही डोंगरात बसून त्यांची भाकरी खात होती! पण विश्वास काही बसेना. "दखाड," त्या म्हणाल्या.

पुढच्या बाजाराला तिने दाखवलं. पदराची गाठ सोडून तिने एक कुरतडलेलं कणीस आत्यांच्या हातावर ठेवलं. आत्यांनी ते तळहातावर चोळलं, फुंकर मारली, एक दाणा दाताखाली धरला. आपल्या शेतातला दाणा त्यांना अंधारातही ओळखू आला असता.

"हाई आपलीच शे," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम विचारलं, "कवय निंघतस त्या, तठून?"

"उजेड फुटना की निंघनात."

मी भांडी घासत होते, पण माझे कान तिथेच होते. उजेड फुटताना पोपट त्या उंबरावरून निघतात, हे आता त्यांना कळलं होतं. आणि शेतात कधी उतरतात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? माळ्यावर बसून त्या डब्यातला चहा पीत, तो चहा निवायच्या आत थवा उतरत असे. तोवर सूर्य बांधावरच्या निंबाच्या शेंड्यालाही लागलेला नसे. तोच दाणा. तीच मोलगीकडची वाट, जी तुडवायला बाईला अख्खा दिवस लागायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे माळ्यावर गेल्या. मामा नंतर सांगत होते, की थवा आला तरी त्यांनी गोफण उचलली नाही, नुसत्या डोंगराकडे बघत बसल्या होत्या. दुपारी घरी आल्या, हातपाय धुतले, मी वाढलेल्या ताटावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"पोपट घाट चढत नहीत."

मला हसू आलं आणि रडूही आलं. पण मी शहाणी झाले होते, गप्प बसले.

"इमान पोपटपेक्षा जोरमा जास का?"

"जास," मीही अहिराणीत म्हणाले. "भलतं जोरमा."

तरी वीस मिनिटं म्हणजे किती, हा प्रश्न होताच. मिनिटं त्यांच्या ओळखीची नव्हती. मामांचं एक खिशातलं घड्याळ होतं, हलवलं की चालायचं. ते मी चुलीशेजारी कोनाड्यात ठेवलं आणि आत्यांना भाकऱ्या करायला सांगितलं. थापायची, टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, निखाऱ्यावर फुगवायची. त्यांचा हात एका लयीत चालायचा, त्यात घाई नाही, उसंत नाही. वीस मिनिटांत आठ भाकऱ्या झाल्या. पुन्हा दुसऱ्या दिवशी मोजल्या, पुन्हा आठ.

"आठ भाकरी," त्या म्हणाल्या. जणू एखाद्या गावाचं अंतर पहिल्यांदा कळलं. मग बोट नाचवून मला सांगितलं, "मंगळवारले, नऊ वाजता. आठ भाकरी करसू, आनि झाडू लिसू. त्याना पुढे नही. घर काय उकिरडा ठेवू?"

मला तेवढं पुरे होतं. फेब्रुवारीच्या मध्यावर मी निघाले. भाऊ न्यायला आला होता. निघताना झाडूचा आवाज आला की नाही ते मला सांगता येणार नाही, बैलांच्या घुंगरांत आणि भावाच्या बडबडीत मी कान दिलाच नाही. जायला मिळालं होतं, मागे कशाला बघू?

रेल्वेचा प्रवास आठ दिवस चालला. गाड्या बदलल्या, एके ठिकाणी गंगा बोटीने ओलांडली, घरच्या दशम्या पाचव्या दिवशी संपल्या. मंगळवारी सकाळी साडेआठला भाऊ आणि मी मोहनबाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या ट्रंकेवर बसलो होतो. समोर विमान उभं होतं. मी ते पहिल्यांदाच जवळून बघत होते. पोटाशी जरा कळकट, पण मला ते फार आवडलं.

नऊ वाजले. विमान हललं नाही. साडेनऊला एक गृहस्थ येऊन म्हणाले, आज उड्डाण नाही, पासीघाटला ढग फार खाली आहेत, तसा तिथून निरोप आला आहे.

निरोप कोणी पाठवला असणार? ढग मोजायला तिथे एकच माणूस होता आणि तो माझा नवरा होता.

मला हसावं की रागवावं कळेना. पण खरं दुःख त्याचं नव्हतंच. शेडमधल्या घड्याळात नऊ वाजले तेव्हापासून मी मनात भाकऱ्या मोजत होते. पहिली, दुसरी, तिसरी. आठवी झाली तेव्हा मला स्पष्ट दिसलं, की आत्यांनी परात बाजूला सारली, हात धुतले, कोपऱ्यातून झाडू काढला. मी अजून ट्रंकेवर बसलेली, आणि तिकडे माझा प्रवास संपलासुद्धा. घर झाडून झालं. माझ्यासाठी कोणी थांबलेलं नव्हतं. वेड्यासारखी मी त्या परक्या शेडमध्ये रडले. भाऊ बिचारा समजावत होता, की शुक्रवारी जाईल ना विमान. त्याला काय सांगू, की मी कोणत्या झाडूसाठी रडतेय?

शुक्रवारी ढग वर गेले. भाऊ मला बसवून परतीच्या गाडीला गेला. विमान उठलं तेव्हा मी डोळे घट्ट मिटले होते, उघडले तर खाली ब्रह्मपुत्रा. आमची तापी पावसाळ्यात फुगली की आम्हाला वाटायचं, यापेक्षा मोठं पाणी जगात नसेल. ही संपेचना. वाळूची बेटं, पाणी, पुन्हा बेटं. मग जंगल, आणि पुढे एकावर एक निळे डोंगर. मला सारखं वाटत होतं, आत्यांना हे दाखवायला हवं होतं. त्या म्हणाल्या असत्या, इतकं पाणी वाया चाललंय आणि इथे कोणी केळी लावत नाही का? उतरायच्या वेळी विमानाने दोन घिरट्या जास्त घातल्या, कारण गवताच्या धावपट्टीवर गुरं बसली होती आणि कोणीतरी त्यांना हाकलत होतं. माझ्या आठाऐवजी अकरा भाकऱ्या झाल्या.

गुरं हाकलणारे हेच होते. धापा टाकत आले, हातात काठी, केस विस्कटलेले. "काय करू," पहिलं वाक्य हेच बोलले, "ढग जेवढे होते तेवढे लिहिले." मी म्हटलं, एखादा कमी लिहिला असता तर सरकार बुडालं असतं का? मग आम्ही दोघंही जे हसत सुटलो, ते दोन खोल्यांच्या घरापर्यंत. त्या घराबद्दल लिहायला बसले तर वेगळं पुस्तक होईल. मी तिथे सुखी होते, एवढं सांगते.

घरी पत्र लिहिलं त्यात मात्र मी मंगळवारचं काही लिहिलं नाही. सुखरूप पोचले, हिशेब बरोबर निघाला, एवढंच. घर झाडून मोकळ्या झालेल्या माणसाला उगीच हुरहूर कशाला, असं मी मनाशी म्हटलं. त्यात थोडा राग होता, तोही कबूल करते.

दीड वर्षाने आम्ही दोघं रजेवर घरी आलो. पहिल्याच संध्याकाळी ओसरीत मामांनी विषय काढला. "तू गेलीस आणि हिने घराचा गोठा केला," ते म्हणाले. "त्या मंगळवारपासून तुझं पत्र येईपर्यंत झाडू नाही. सोळा दिवस! मी खाटेवर चढताना पाय झटकायचो. शेजारच्या बाया विचारायच्या, आजारी आहेत का?"

मी आत्यांकडे पाहिलं. त्या दिव्याची वात सारखी करत होत्या.

"कंबर दुखी ऱ्हायनी व्हती," त्या म्हणाल्या.

"सोळा दिवस?" मी विचारलं.

"हां, सोळा दिवस. तुले काय करनं?"

तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की मी त्या मंगळवारी पोचलेच नव्हते, शुक्रवारी पोचले, पत्रात खोटं लिहिलं. वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या जराही चकित झाल्या नाहीत.

"माले मालूम व्हतं."

कसं, म्हणून मी विचारलं. मग त्यांनी वात सोडली आणि सांगितलं. त्या मंगळवारी आमच्याकडेही आभाळ भरून आलं होतं. सकाळी सातपुडा दिसत नव्हता. नऊ वाजता त्यांनी घड्याळ हलवून पाहिलं, आठ भाकऱ्या केल्या, झाडू हातात घेतला. मग सहज शेताकडे गेल्या तर दादरीत एक पोपट नाही. माळ्यावर चढून पाहिलं, नाही.

"पोपट उनात नहीत," आत्या म्हणाल्या. "मी म्हनं, पोपट अडकनात तर मन्ही पोर कशी पोचनी व्हई?"

हवामान खात्यातला त्यांचा मुलगा हे ऐकून हसला. आई, म्हणाला, इथले ढग आणि तिथले ढग यांचा काही संबंध नसतो. हजार मैलांच्या वर अंतर आहे. त्या म्हणाल्या, असेल. हिशेबाने तो बरोबर होता, पण मन्ही पोर, माझी पोर, हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले होते, आणि माझं सगळं लक्ष तिथेच अडकलं होतं.

दोन दिवसांनी मी माहेरी रनाळ्याला निघाले. गाडी जुंपली, आत्यांनी दशम्यांचं गाठोडं आत ठेवलं, वाटेत पाणी बघून पी म्हणाल्या आणि घरात गेल्या. मी पूर्वीसारखी मागे तोंड करून बसले. गाडी गल्लीतून निघाली, पारावरून वळली, वेशीत आली. मी गाडीवानाला म्हटलं, जरा थांब. बैल थांबले, घुंगरं थांबली. मी कान देऊन ऐकलं. कुठेतरी कोणाचं मूल रडत होतं, विहिरीवर रहाटाचा आवाज होता. आमच्या अंगणातून काहीच आवाज आला नाही.